क्लिनिकल सुपरव्हिजनला मराठीत काय म्हणायचं?

पंचगंगाकाठ: समुपदेशकांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय आणि 'क्लिनिकल सुपरव्हिजन'पाशी अडलेय. 'चिकित्सालयीन पर्यवेक्षण' लिहून वस्तीत काम करणाऱ्या मैत्रिणीला दाखवलं, तर ती म्हणे दवाखान्यात कसली परीक्षा आहे? खरं तर समुपदेशक आपल्या केसेस घेऊन, नावं बदलून, एका अनुभवी माणसापुढं बसतो, आपण कुठं अडलो, काय मनाला लागलं ते बोलतो, एवढंच.

जुनं_ते_सोनं: पर्यवेक्षणच बरोबर. परि + अव + ईक्षण, सगळ्या बाजूंनी न्याहाळणं. लोकांना दहावीचा हॉल आठवतो हा काय शब्दाचा दोष?

आडसाली: आमच्याकडं सुपरवायझर म्हणजे मुकादम, विषय संपला. ऊसतोडीला कोण आलं, कोण नाही, उचल किती घेतली, सगळं त्याच्या वहीत.

पंचगंगाकाठ: मुकादम नको हो! अल्फ्रेड कडुशिन यांच्या १९७६ च्या पुस्तकात सोशल वर्कमधल्या सुपरव्हिजनची तीन कामं दिलीत, प्रशासकीय, शिकवण्याचं आणि आधार देण्याचं. मुकादमात पहिलंच बसतं.

मीठभाकर: आम्हाला एमएसडब्ल्यूला, म्हणजे सोशल वर्कच्या मास्टर्सला, फील्डवर्कची आयसी असायची, म्हणजे मॅडमसोबत एकेकट्यानं बसायचं. घरी मार खाणाऱ्या एका बाईची केस लिहून नेली होती, त्यानंतर दोन दिवस मला जेवण गेलं नव्हतं. मॅडमनी लाल पेनानं वेलांट्या दुरुस्त केल्या, तारीख घातली, सही केली आणि म्हणाल्या पुढची. त्याला पर्यवेक्षण म्हणा, माझी ना नाही.

रंकाळ्यावरचा: ताई, मग 'वस्ताद' घ्या की. तालमीत वस्ताद हौद्याच्या काठावर बसून नुस्ता बघत असतोय, पोरगं चितपट झालं की बाजूला बोलवून पाय कुठं चुकला ते सांगतोय, आणि पाठीवर हातबी फिरवतोय. तिन्ही कामं आली बघा.

मीठभाकर: हे आवडलं. आमच्या नशिबी नव्हता असला वस्ताद.

जुनं_ते_सोनं: वस्ताद फारसी 'उस्ताद'वरून आलाय. शिवाय 'लई वस्ताद हाय त्यो' म्हणजे काय, हे कोल्हापुरात सांगायला हवं? छापा पत्रकात, लोक पाकीट सांभाळत येतील.

आडसाली: मुकादमपण अरबीच की, 'पुढं ठेवलेला' असा अर्थ. तेव्हा नाही बोललात.

जुनं_ते_सोनं: तो सुचवला तुम्ही, मी नाही. हौदासुद्धा अरबी 'हौज'वरून आलाय.

रंकाळ्यावरचा: घ्या! आता हौदाबी गेला. मग कुस्ती कुठं खेळायची दादा?

जुनं_ते_सोनं: कुस्तीही फारसीच. मल्लयुद्ध म्हणा.

रंकाळ्यावरचा: खासबागेच्या कुस्ती मैदानात येऊन म्हणून दाखवा.