माउलींच्या पालखीत दोनच दिवस चालायचं, कोणता टप्पा घ्यावा?

प्रश्न: राम कृष्ण हरी. आईचं वय ६२, रोज पाच-सहा किलोमीटर चालायची सवय आहे. ठाण्याहून येणार. पुणे–सासवड करावं की पुढचा टप्पा? मुक्काम दिंडीतच हवा.

उत्तर: पुणे–सासवड नको. चाल तीस किलोमीटरच्या आसपास, आणि दिवे घाट येतो तो दुपारी, पाय भरून आल्यावर. गर्दीत आपल्या चालीने चालता येत नाही. थांबत, सरकत चढावं लागतं आणि पोटऱ्या त्यानेच धरतात. सासवडला सहसा दोन मुक्काम असतात, त्यातल्या दुसऱ्या दिवशी पोचा. माउलींचे धाकटे भाऊ सोपानकाका, त्यांची पालखीही तिथूनच पंढरपूरला निघते. मग सासवड–जेजुरी साधारण सोळा-सतरा किलोमीटर, जेजुरी–वाल्हे बारा. आईंना हे झेपेल. जेजुरी आणि वाल्हे दोन्ही पुणे–मिरज रेल्वेमार्गावर आहेत, त्यामुळे परतीला बंद रस्त्यांची काळजी नाही. वाल्ह्याला कोणत्या गाड्या थांबतात ते मात्र आधीच बघा.

उत्तर: दिंडीप्रमुखांशी आधी बोलून भिशी (जेवण-मुक्कामाची वर्गणी) किती ते ठरवा, ऐनवेळी गेलात तर राहुटीत जागा नसते. आणि आईंच्या पिशवीत चिठ्ठी ठेवा: दिंडीचा क्रमांक, तुमचा फोन, आणि ‘रथापुढे’ की ‘रथामागे’, म्हणजे दिंडी पालखीच्या रथाच्या पुढे चालते की मागे. हे शेवटचं लोक विसरतात. रथापुढची १५ आणि रथामागची १५ या वेगळ्या दिंड्या, त्यांचे तंबूही वेगळे. नुसता आकडा सांगणारं माणूस तळावर तासभर भलतीकडेच फिरतं. चुकामूक झालीच तर समाजआरतीला, म्हणजे मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्यांची मिळून होणाऱ्या आरतीला या. चोपदारांनी (सोहळ्याची शिस्त सांभाळणाऱ्यांनी) हातातला दंड उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात, हरवल्या-सापडल्याची माहिती पुकारतात, मग आरती होते.

उत्तर: नव्या चपला-बूट नकोत, महिनाभर वापरलेलेच घाला. फोड येतात ते ओल्या मोज्यांनी, म्हणून दोन जोड जास्तीचे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि दुपारच्या विसाव्याला बदला. अंथरुणाखाली मेणकापड हवंच, पाऊस नसला तरी. रात्री जमिनीची ओल वर चढते. बाकी सामान दिंडीच्या ट्रकमध्ये टाका, पण औषधं आणि पाण्याची बाटली खांद्यावरच. ट्रक तळावर पुढे निघून जातो, वाटेत हाती लागत नाही.

उत्तर: गेल्या वर्षीच्या तारखांवर रेल्वेचं आरक्षण करू नका. पालखी तिथीने चालते. तिथीचा क्षय किंवा वृद्धी आली की वाटेत पुढे लागणाऱ्या लोणंदचे मुक्काम कमी-जास्त होतात. यंदाचं वेळापत्रक हातात घेऊनच रजा टाका.