सोलरची कमान: ३०४ की ३१६?

बोट ३४ फुटी, दाभोळच्या खाडीत नांगरलेली. मागं कमान उभारून दोन पॅनेलं आणि खाली सावलीचं कापड लावायचंय. दुपारी सुकाणूचं चाक हाताला चटके देतं. जुनी कमान ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची. दोन पावसाळ्यांत वेल्डिंगपाशी चहाच्या डागांसारखा गंज धरला, फार जीव तुटला. आता काय घेऊ?

— दादा, ३१६च घ्या. त्यात मॉलिब्डेनम हा धातू असतो, खाऱ्या हवेत जास्त टिकतं. पॅनेलची चौकट ॲल्युमिनियमची, तेव्हा स्टीलच्या बोल्टखाली नायलॉनचे वॉशर घालाच. नाहीतर दोन धातू भिडून चौकट गंजत जाते.

— पॅनेलांच्या वायरी समांतर (पॅरलल) जोडा. एकावर डोलकाठीची सावली पडली तरी दुसरं चालू राहतं. कापड मात्र झटक्यात सोडता येईल असंच बांधा.

— ३१६ ठरलं. वॉशरचं कुणीच सांगितलं नव्हतं, आभार!