सार्वजनिक दूरचित्रवाणीने डिजिटल काळात नेमके काय बदलावे?

गिरगावकर (प्रश्न):
आमच्या घरी आई अजूनही संध्याकाळी सातच्या बातम्यांना टीव्हीसमोर बसते; मुलगा मात्र बातम्यांचे दीड-दोन मिनिटांचे तुकडे लोकलमध्ये, तेही आवाज बंद करून, मोबाइलवर पाहतो. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हा कार्यक्रमाच्या वेळेला प्रेक्षकाने हजर राहायचे, हे गृहीतच होते. आता सार्वजनिक वाहिनीने तेच कार्यक्रम यूट्यूबवर चढवले की भागते, की त्यांची घडणच बदलायला हवी?

जुना संकलक:
नुसते चढवून भागत नाही. शेतीविषयक अर्ध्या तासाचा भाग घ्या. कांद्यावरील करपा रोगाची माहिती एकोणिसाव्या मिनिटाला येते आणि शीर्षकात फक्त भाग क्रमांक व तारीख असते. मग शेतकऱ्याला ती शोधून सापडणार कशी? प्रत्येक विषय स्वतंत्रपणे उभा राहील असेच चित्रीकरण व्हायला हवे. निवेदकाने ‘मघाशी पाहिल्याप्रमाणे’ म्हणणे टाळावे, तज्ज्ञाच्या नावाची पट्टी पुन्हा दाखवावी आणि आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांसाठी पडद्यावर मराठी उपशीर्षके द्यावीत. ही कामे संकलनाच्या टेबलावर आयत्या वेळी होत नाहीत, संहिता लिहितानाच करावी लागतात. (हे आम्हालाही उशिराच कळले.)

वरळी नाका:
सहमत, पण सगळेच इंटरनेटवर नेण्याची घाई नको. ब्रिटनच्या बीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेने तरुणांसाठीची ‘बीबीसी थ्री’ ही वाहिनी २०१६ मध्ये केवळ ऑनलाइन केली आणि २०२२ मध्ये पुन्हा टीव्हीवर आणली. आपल्याकडे डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या उपग्रह सेवेला मासिक शुल्क नाही, डेटा लागत नाही. एकच उपग्रह संकेत कितीही घरांत पोहोचतो, तर इंटरनेटवर प्रेक्षक वाढले की प्रक्षेपणाचा खर्चही वाढतो.

सायनची वाचक:
दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ हा स्वतःचा ओटीटी मंच (इंटरनेटवरून हवे तेव्हा कार्यक्रम पाहण्याची सेवा) सुरू केला आहे, आणि माझ्या मते त्याची खरी ताकद जुन्या संग्रहात आहे. मात्र कलाकार, विषय, वर्ष अशी नोंद प्रत्येक फितीला नसेल, तर कपाटातला गठ्ठा तेवढा मोबाइलमध्ये येईल.

गिरगावकर:
उपशीर्षकांचा मुद्दा मुलासाठी म्हणून वाचत होतो. पण आईलाही हल्ली कमी ऐकू येते आणि सातच्या बातम्यांना ती आवाज इतका मोठा ठेवते की शेजारच्यांनाही त्या ऐकाव्या लागतात.