कापूस ठेवलेल्या खोलीत उंदीर: विष न वापरता काय करावे?

प्रश्न (दारव्हा): आमचे घर कवेलूचे असून मागच्या खोलीत कापूस आणि तुरीचे कट्टे असतात. परवा कापूस उपसताना आत पिलांसह घरटे निघाले, शेजारी सरकीची टरफले पडलेली होती. घरात लहान मुले असल्यामुळे विष ठेवायचे नाही. उपाय सुचवावा.

उत्तर (आर्वी): आधी फटी शोधाव्यात. घरातला लहान उंदीर सुमारे ६ मिलिमीटरच्या फटीतूनही आत येतो; पेन्सिल जिथे शिरते, तिथे तोही शिरतो असे समजावे. बिळात भांड्यांची तारेची घासणी घट्ट कोंबून वरून सिमेंट भरावे, कारण नुसत्या मातीने लिंपलेले बीळ तो पुन्हा पोखरतो. दाराखाली पत्र्याची पट्टी ठोकावी आणि कट्टे भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर रचावेत.

उत्तर (अचलपूर): उंदीर भिंतीच्या कडेने पळतो, म्हणून पिंजरा खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीलगत ठेवावा आणि आत भाजलेले खोबरे लावावे. मांजरीवर मात्र विसंबू नये. आमची दूध पिऊन चुलीजवळ झोपते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. दाराखाली पेन्सिलच काय, माझा अंगठाही गेला.