मदत हवी आहे : सर्व्हर सुरू केल्यावर तासाभराने हमखास गोठतो

आमच्या कार्यालयातील डेबियन लिनक्सवर चालणारा जुना सर्व्हर चालू केल्यापासून साधारण तासाभराने गोठतो. हा तास घड्याळाचा नसून वीज दिल्यापासूनचा आहे, त्यामुळे क्रॉनमधील (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या) कामांवरचा संशय लवकरच मिटला. लॉगमध्ये काहीच सापडत नाही, कारण लॉग जिच्यावर लिहायचा ती डिस्कच त्या क्षणी नाहीशी होते. मॉनिटरवर मात्र आय/ओ एररच्या (डिस्कवर वाचन-लेखन न झाल्याच्या) ओळींची रांग लागलेली दिसते. वीज पूर्ण तोडून पुन्हा दिली की सारे सुरळीत, पुढच्या तासापर्यंत.

मेमटेस्ट (मेमरीची चाचणी) निर्दोष आला. डिस्क जोडणारी साटा केबल आणि पॉवर सप्लाय बदलून पाहिले. दोन्ही एसएसडी डिस्क काढून, लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरील लिनक्सवरून) यंत्र चालवले असता ते रात्रभर विनातक्रार चालले. या एसएसडी एकाच मॉडेलच्या, सॉफ्टवेअर रेड 1 मध्ये (दोन्हींवर एकच डेटा, म्हणजे मिरर) असून डिस्कची स्थिती सांगणारे स्मार्टसीटीएल दोन्हींचे पॉवर-ऑन तास 5184 च्या किंचित पुढे दाखवते. नेमका हा आकडा ओलांडल्यावर डिस्क तासातासाने प्रतिसाद देणे थांबवते, असा फर्मवेअरमधील (डिस्कच्या आतच चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधील) दोष पूर्वी जाहीर होऊन त्यावर सुधारित फर्मवेअरही आले होते. (दोन्ही डिस्क एकदमच जात असतील, तर मिररचा उपयोग तो काय!)

बॅकअप ताजा आहे. परंतु हिशेबाचा डेटाबेस याच यंत्रावर असल्याने कामकाजाच्या वेळेत तो बंद ठेवता येत नाही आणि तूर्त नव्या डिस्क घेणे शक्य नाही. फर्मवेअर बदलताना डेटा व रेडचा मेटाडेटा (रेडच्या रचनेची नोंद) शाबूत राहतो का, आणि एकेक डिस्क रेडमधून वेगळी करून अद्ययावत करावी की दोन्ही एकत्रच?