डोक्याच्या मधोमध टक्कल पडतंय. आमच्यासारख्या केसांचं कळणारं कोणी आहे काय?

खानापूरची_मी
नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, सिद्दी. वय ३४. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पोर्तुगीजांनी आमच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं, तिथून पळून ते इकडच्या जंगलात आले. खानापूर, हल्याळ, यल्लापूरकडे आमच्या वस्त्या आहेत. घरात कोकणी, शाळा मराठी झाली. केस तेवढे अजून आफ्रिकेचेच.

नऊ वर्षं झाली, बेळगावात साडीच्या दुकानात काम करतो. तिथला नियम, केस चप्प बसलेले पाहिजेत. म्हणून पहाटे जेल लावायचं, ओढून घट्ट अंबाडा, त्यावर दहाबारा पिना, मग सहाची बस. रात्री अंबाडा सोडला की कपाळ ठणकतं. वर्षातून दोनदा पार्लरमध्ये केमिकलवालं स्ट्रेटनिंग पण करून घेतो.

कानशिलावरचे केस कधीच गेलेत. त्याचं काही वाटलं नव्हतं. पण गेल्या महिन्यात कॅश काउंटरला बसलो होतो, समोर सीसीटीव्हीचा पडदा. कॅमेरा वरून दाखवतो. त्यात एक बाई दिसली, माथ्यावर पाच रुपयाच्या नाण्याएवढी चकचकीत जागा. मनात म्हटलं, बिचारी. मी हात वर केला तर तिनंही केला.

ती जागा हाताला गुळगुळीत लागते. आजूबाजूचे केस खुंटासारखे तुटके. रात्री तिथं चुरचुरतं. एका डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी टेबलाच्या पलीकडूनच बघून कोंडा आहे म्हटलं आणि शाम्पू दिला, रोज धुवा म्हणून. पंधरा दिवसांत केसांची सुतळी झाली. नेटवर शोधलं तर सगळं सरळ केसांचंच. काय करू?

टिळकवाडीच्या_काकू
अगं, घाबरू नकोस. कांद्याचा रस लाव, रात्री करंजाचं तेल कोमट करून जिरव आणि घट्ट वेणी घालून झोप. आमच्या सुनेला बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात मूठमूठ केस जात होते, सगळे परत आले.

पुणेकर_७७
एक शंका. आपण स्त्री आहात ना? ‘काम करतो’, ‘बसलो होतो’ असं लिहिलंय. पुरुषांच्या टकलाचा प्रकार वेगळा, म्हणून विचारलं.

खानापूरची_मी
बाईच आहे ओ. बेळगावकडं आम्ही बायका ‘मी जातो’ असंच म्हणतो. पुण्यात पुरुष अंबाडा घालतात काय?

हल्याळची_सिस्टर
बाय, मी पण सिद्दी. बावीस वर्षं नर्सची नोकरी केली आणि माझ्या माथ्यावरची चार बोटं जागा कायमची गेली, म्हणून जरा लांब लिहितो.

तुझ्याकडं दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. कानशिलावरचं ओढण्यानं झालेलं आहे, त्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. आरशात बघ, अगदी कडेला बारीक लव राहिली असेल आणि तिच्या मागची जागा विरळ असेल. ओढणं लवकर थांबलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चाललं तर मूळच मरतं. अंबाडा दुखतोय म्हणजे तो घट्ट आहे, बस.

माथ्यावरचं मला वेगळं वाटतं. मधून सुरू होऊन गोल गोल बाहेर पसरणारा एक आजार आहे, डॉक्टर त्याला सीसीसीए म्हणतात. आफ्रिकी वंशाच्या बायकांत जास्त दिसतो. केसांच्या मुळाशी सूज येते, भोकं बुजतात, कातडी गुळगुळीत होते. बुजलेल्या भोकातून केस येत नाही, मग तेल कुठलंही लाव. १९६८ साली अमेरिकेत याला ‘हॉट कोम्ब अलोपेशिया’ असं नाव दिलं होतं, म्हणजे सगळा दोष तापलेल्या कंगव्यावर. पुढं कळलं की कंगवा न लावलेल्या बायकांनाही होतो. २०१९ मध्ये काही रुग्णांत पीएडीआय३ या जीनमध्ये दोष सापडला. केसाचा दांडा नीट घडायला तो जीन लागतो. तेव्हा सगळं पाप स्ट्रेटनिंगच्या माथी मारू नकोस. पण ते बंद कर.

मी लिहितो म्हणून तुला तेच आहे असं नाही. त्वचेच्या डॉक्टरकडं जा, केस मोकळे सोडून, तेल-जेल न लावता. डर्मोस्कोपनं, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगानं बघा म्हणून स्वतः सांग. लाजू नकोस, मी लाजलो म्हणून दोन वर्षं गेली. बायोप्सी म्हणाले तर घाबरायचं नाही, भूल देऊन चार मिलिमीटरचा तुकडा काढतात. तो टकलाच्या मधला नको, कडेचा हवा, जिथं केस अजून जिवंत आहेत. मधे बघण्यासारखं काही उरलेलंच नसतं. रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड बघतील.

औषध म्हणजे स्टेरॉइडचं लोशन, जागेवर इंजेक्शनं, सूज उतरवायला काही महिने डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, जोडीला केसवाढीचं मिनॉक्सिडिल. पोटुशी असशील किंवा तसा विचार असेल तर आधी सांग. हे सगळं आहे ते वाचवायला, गेलेलं आणायला नव्हे. आणि पाळीत अंगावरून जास्त जातं काय? २०१८ मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णीय बायकांच्या नोंदी तपासल्या, तर हा आजार असलेल्यांत सुमारे १४ टक्क्यांना गर्भाशयात गाठी होत्या, बाकीच्यांत ३ टक्क्यांना. मला होत्या. डॉक्टरच्या कानावर घाल.

आता धुणं. आपला केस चपटा आणि वळलेला. टाळूचं तेल टोकापर्यंत उतरतच नाही, म्हणून रोजचा शाम्पू आपल्याला मारतो. आठवड्यातून एकदा धू. भरपूर कंडिशनर लाव, केस ओले असतानाच एक बट मुठीत धर, मुळाला ताण बसू देऊ नको आणि रुंद दातांच्या कंगव्यानं टोकाकडून सोडवत वर ये. मुळापासून खाली ओढलंस की अर्धी बट कंगव्यात.

काकू, तेलाशी माझं भांडण नाही, घट्ट वेणीशी आहे. आणि चुरचुरणाऱ्या टाळूवर कांदा नको.

टिळकवाडीच्या_काकू
बरोबर आहे सिस्टर. मला सुनेचं ते सगळ्यांना लागू वाटलं.

खानापूरची_मी
दीड महिन्यानं लिहितो. बेळगावात दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. केस मोकळे सोडूनच गेलो, बसमध्ये सगळे बघत होते. बाईंनी वीस मिनिटं एकेक भांग पाडून बघितलं. कडेचा तुकडा काढला, दोन टाके. रिपोर्टात तेच आलं, सिस्टर म्हणाल्या ते. इंजेक्शनं दोनदा झाली. डाग तेवढाच आहे, पण रात्रीचं चुरचुरणं थांबलंय. पोटाची सोनोग्राफी पुढच्या आठवड्यात.

दुकानात रिपोर्टच नेऊन दाखवला. मालक गप्प. मालकीणबाई म्हणाल्या, सैल वेणी घाल, गिऱ्हाईक साडी बघायला येतंय.

एक अडचण राहिली. माझी मुलगी आठ वर्षांची, कन्नड शाळेत जाते. तिथं दोन घट्ट वेण्या वर बांधून रिबीन लागते. काल तिचं कानशील बघितलं, बारीक फोड आलेत. शाळेच्या बाईंना चिठ्ठी द्यायची आहे, पण मला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही.

हल्याळची_सिस्टर
चिठ्ठी मी कन्नडात लिहून उद्या टाकतो. आज रात्रीच त्या वेण्या सोड आणि फोडांचा फोटो डॉक्टरीणबाईंना पाठव.