कोजागरीला गच्चीवर कोणता चित्रपट दाखवायचा?

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. कोजागरीच्या रात्री दूध आटेपर्यंत गच्चीवर एक मराठी चित्रपट दाखवावा, असे कार्यकारिणीच्या बैठकीत ठरले आहे. सभासदांनी नुसते नाव न सुचवता, त्या चित्रपटाने आपल्याला काय दिले हेही लिहावे. सुप्रभाताची चित्रे आज तरी कृपया टाकू नयेत.

बी-३०२ : माझे मत परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ला. चित्रपट काढण्यासाठी दादासाहेब फाळके विम्याची पॉलिसी गहाण टाकतात, घरातले सामान विकतात, तरी चित्रपटात कुठेही रडगाणे नाही. मला सर्वांत जास्त भावतो तो वाटाण्याच्या रोपाचा प्रसंग. रोपाची वाढ रोज थोडी थोडी कॅमेऱ्यात टिपून त्यांनी एक छोटी फिल्म केली आणि तीच दाखवून पैसे लावणाऱ्याचा विश्वास मिळवला. नोकरी सोडून स्वतःचे वर्कशॉप काढताना मी हेच केले. आधी चार नमुने तयार केले आणि मगच कर्ज मागायला गेलो.

ए-१०४ : भाऊ, फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंना विसरलात. कच्च्या फिल्मला रात्री अंधारात छिद्रे पाडायची, रसायने कालवायची आणि शिवाय एवढ्या मंडळींचा स्वयंपाक करायचा, हे सगळे त्यांनी केले. ३ मे १९१३ रोजी गिरगावात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेत अण्णा साळुंके होते, कारण काम करायला बाई मिळाली नव्हती. पडद्यामागे मात्र बाई होतीच! घरात एकाने वेड घेतले की दुसऱ्याने संसार सांभाळायचा असतो, असे आपण म्हणतो. इथे दोघांनी मिळून वेड घेतले.

सी-४०१ : मी ‘श्वास’ सुचवते. संदीप सावंत यांच्या या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले होते, पण माझे कारण वेगळे आहे. मी परिचारिका म्हणून निवृत्त झाले. डोळ्याच्या कर्करोगामुळे परशा या लहान मुलाची दृष्टी जाणार असते आणि मुलाला आधी सांगितल्याशिवाय शस्त्रक्रिया करायची नाही, असा डॉक्टरांचा आग्रह असतो. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते तेव्हा आजोबा कोणालाही न सांगता नातवाला जग दाखवायला घेऊन जातात. वॉर्डातला रुग्ण खाटेवर नाही, म्हणजे काय गोंधळ उडतो हे मी अनुभवले आहे, त्यामुळे चित्रपटगृहात माझा सगळा राग आजोबांवर होता. घरी येईपर्यंत मात्र तो ओसरला, कारण डॉक्टर आणि आजोबा दोघेही त्या मुलाला फसवायला तयार नव्हते, हे माझ्या लक्षात आले. त्यानंतर मुलांना इंजेक्शन देताना ‘काही होत नाही’ असे म्हणणे मी सोडले. ‘दुखेल, पण थोडाच वेळ’ असे सांगितले की बहुतेक मुले हात पुढे करीत. रडत, पण करीत.

ए-२०१ : चित्रपटाने काही शिकवलेच पाहिजे, ही अपेक्षा मला पटत नाही. जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ (१९८२) घ्या. स्मिता पाटील यांची सुलभा घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक होते, तिथल्या कारभाराशी झगडून परत येते, तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते, आणि ती पुन्हा बाहेर पडते. लहान मुलीला मागे ठेवून जाणे योग्य होते का, यावर आमच्या घरी आई आणि आजी यांचे कधीच एकमत झाले नाही. गंमत म्हणजे सुलभेची बाजू आजी घेत असे.

सी-४०१ : ताई, आजींचे म्हणणे काय होते, ते वाचायला आवडेल.

ए-२०१ : मुलीला सांभाळायला घरात माणसे होती, आश्रमातल्या बायकांना कोणी नव्हते, एवढेच ती म्हणे. आईला मात्र हा हिशेब शेवटपर्यंत मान्य झाला नाही.

सचिव : सर्वांचे आभार. ‘श्वास’ लावला तर दूध तसेच राहील आणि ‘उंबरठा’ लावला तर पहाटेपर्यंत वाद चालतील, असे माझे वैयक्तिक मत आहे. मुले मोठ्या संख्येने येणार असल्याने कोजागरीला ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ दाखवू. बाकीचे दोन्ही चित्रपट दिवाळीनंतर सभागृहात, चर्चेसाठी वेळ राखून दाखवता येतील. प्रोजेक्टर कोणाकडे असल्यास कळवावे. गच्चीवरच्या प्लगमध्ये वीज येत नाही, त्यासाठी उद्या वायरमन येणार आहे.